दुसरी घागर: फुलझाड होणाऱ्या मुलीची गोष्ट गाण्यातून करताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. अमेरिकन संगीतकार जॉन अ‍ॅडम्सचा 'अ फ्लॉवरिंग ट्री' हा ऑपेरा तुम्ही ऐकलात. गोष्ट कानडी, एकल गायन इंग्रजीत, कोरस बराचसा स्पॅनिशमध्ये, आणि संगीतात आपल्या ओळखीचं काही हाताला लागलं नाही. तरी तो डोक्यातून जाईना. आता बेळगावच्या तुमच्या हौशी गटाला हीच गोष्ट मराठीत, पाऊण तासात, गाण्यांतून करायची आहे. बारा गाणारे, एक पेटी, एक तबला, एक व्हायोलिन. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: याला भारतीय कथेवरचा ऑपेरा म्हणायचं का, आणि मुलीचं झाड होतं ते रंगमंचावर दाखवायचं कसं.

पहिल्या प्रश्नावर पोटभर भांडता येतं, पण तुमचा प्रयोग उभा राहील की पडेल ते दुसऱ्यावर ठरणार आहे. म्हणून उलट्या क्रमाने येतो.

माझ्याबद्दल एवढंच, की गेली अठ्ठावीस वर्षं मी नाटकांना संगीत देतो. संगीत नाटकं, बालनाट्यं, मधूनमधून मुंबईत पाश्चात्त्य गायन शिकणाऱ्यांच्या तालमीला पियानोवर बसणं. ऑपेरा मी स्वतः गायलेलो नाही. त्यामुळे पुढचं सगळं पेटीमागे बसणाऱ्या माणसाचं मत समजा.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण तिच्यातले बारकावे ऑपेरा ऐकताना निसटतात. गरीब म्हातारीच्या दोन मुली. धाकटी वयात येते, आईचे कष्ट तिला बघवत नाहीत, आणि ती थोरलीला म्हणते, दोन घागरी पाणी आण, पण पाण्याला नख लागू देऊ नकोस. मी ध्यान लावून बसेन. एक घागर माझ्यावर ओत, मी झाड होईन. फुलं हव्या तेवढी तोड, पण पान फाडू नकोस, फांदी मोडू नकोस. मग दुसरी घागर ओत, मी पुन्हा माणूस होईन. फुलं राजवाड्यावर विकली जातात, राजपुत्र लपून पाहतो, लग्न होतं. पहिल्या रात्री तो बोलतच नाही. नंतर म्हणतो, माझ्यासाठी झाड हो. पुढे नणंदेला सुगावा लागतो. ती वहिनीला मैत्रिणींबरोबर बागेत नेते, बळेच झाड व्हायला लावते, फुलं ओरबाडते, फांद्या मोडते आणि दुसरी घागर कशीतरी ओतून निघून जाते. मुलगी धड माणूस नाही, धड झाड नाही, हात नाहीत, पाय नाहीत, अशी पडून राहते. राजपुत्र बैरागी होऊन भटकतो. शेवटी राजपुत्राच्या थोरल्या बहिणीच्या गावी दोघांची भेट होते, तो तिच्यावर पाणी ओततो, मोडलेल्या फांद्या जागेवर बसवतो, पुन्हा पाणी ओततो, आणि ती पूर्ण होते.

आता नीट पाहा. झाड होणं या गोष्टीत पुन्हा पुन्हा येतं, आणि दर वेळी घागर वेगळ्या हातात असते. बहीण, नवरा, नणंद, पुन्हा नवरा. चमत्कार तोच, विधी तोच, फक्त हात बदलतो, आणि त्या हातावर मुलीचं काय होणार ते ठरतं. माझ्या मते गोष्टीचा सगळा जीव इथे आहे. तुम्ही झाडाची काळजी करताय, मी म्हणेन घागरीची करा.

ही गोष्ट इंग्रजीत आणणारे ए. के. रामानुजन (1929-1993) जन्माने म्हैसूरचे. पुढे शिकागोला गेले, पण 1950च्या दशकात काही वर्षं तुमच्याच बेळगावात कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातही होते. त्यांनी या गोष्टीवर एक लेखही लिहिलाय. त्यांच्या वाचनाप्रमाणे ही बाईच्या नजरेतून सांगितलेली गोष्ट आहे: तिचं फुलणं हीच तिची ताकद, आणि फुललेली असते तेव्हाच ती सर्वांत जास्त दुसऱ्याच्या हातात असते. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. संस्कृतात पाळी आलेल्या स्त्रीला पुष्पवती म्हणतात, हे त्यांनी तिथे जोडून दाखवलंय. मराठीत तर आपण पहिल्या पाळीला न्हाणच म्हणतो. डोक्यावरून ओतलेलं पाणी आणि फुलणं आपल्या भाषेत आधीच एकत्र आलेलं आहे; तुम्हाला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता माझी फजिती ऐका, म्हणजे झाड का दाखवू नका म्हणतो ते कळेल. बरीच वर्षं झाली, एका बालनाट्यात अशाच धर्तीचा प्रसंग होता, मुलीची वेल होते. मी आणि दिग्दर्शकाने ठरवलं, दणक्यात दाखवायचं. हिरवी नऊवारी, मागे थर्माकोलच्या फांद्या, त्यावर क्रेपची फुलं, दोरी ओढली की फांद्या पंख्यासारख्या उघडणार. खाली मी संतूर, बासरी, घुंगरू, हाताला लागलं ते सगळं वाजवायला लावलं. तालमीत दोरी रोज चालायची. प्रयोगात डावी फांदी उघडली, उजवी अडकली. पहिल्या रांगेतलं एक पोर मोठ्यांदा म्हणालं, "आई, मोर!" पुढची दहा मिनिटं नाटक मोराचं झालं. दोष दोरीचा नव्हता. फांद्या दोन्ही उघडल्या असत्या तरी प्रेक्षक 'कसं केलं?' हेच पाहत बसले असते, 'तिला काय झालं?' हे नाही.

पुढच्या प्रयोगाला फांद्या गाडीतच ठेवल्या. दिवे उतरवले, मुलगी पाठमोरी बसली, आणि बहिणीचं काम करणाऱ्या मुलीने तांब्याच्या घागरीतून पितळी परातीत खरं पाणी ओतलं. सावकाश. वाद्यं सगळी बंद. त्या दिवशी कुणीही मोर म्हणालं नाही.

अ‍ॅडम्सच्या बाजूने पाहा. हा ऑपेरा 14 नोव्हेंबर 2006 रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा झाला. मोझार्टच्या जन्माला 250 वर्षं झाली म्हणून अमेरिकन दिग्दर्शक पीटर सेलर्सने तिथे एक महोत्सव भरवला होता. दिग्दर्शन सेलर्सचंच, संहिता दोघांनी मिळून केलेली, आणि वाद्यवृंदासमोर काठी घेऊन स्वतः अ‍ॅडम्स. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये जशी तरुण जोडी परीक्षेतून पार पडते, तशी गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती रामानुजन यांच्या पुस्तकात सापडली. ऑपेराच्या मानाने गाणारे किती कमी घेतलेत बघा: एकल गायक तीनच. मुलगी, राजपुत्र आणि निवेदक. बाकी कोरस. नणंदेला वेगळी गायिकाच नाही. पहिल्या प्रयोगात इंडोनेशियातल्या जावा बेटावरचे तीन नर्तक होते, म्हणजे गळा एकाचा आणि शरीर दुसऱ्याचं. झाड होणं दाखवायचा भार एकट्या गाणाऱ्या बाईवर नव्हता. ते काम नाचणारीकडे आणि वाद्यवृंदाकडेही होतं.

वाद्यवृंद ते कसं करतो? अ‍ॅडम्सची घडण मिनिमलिझममधली. छोटासा आकृतिबंध घ्यायचा, तो फिरवत राहायचा, आणि आतला एकेक स्वर हळूच बदलायचा. कुठल्या क्षणी बदललं ते बोट ठेवून सांगता येत नाही. दोन मिनिटांनी लक्षात येतं की आपण भलतीकडेच येऊन पोचलो. झाड असंच वाढतं, म्हणून ही पद्धत या गोष्टीला चपखल बसली. तुम्हाला ती परकी वाटायचं कारण नाही. हादग्याची गाणी आठवा, दर फेऱ्याला एक ओळ वाढते, चाल तीच राहते, आणि फेर धरणाऱ्यांना गाणं लांबलंय हे पाय दुखायला लागल्यावर कळतं. तुमच्या बारा जणांत हादगा खेळलेल्या बायका असतील तर निम्मं काम झालेलंच आहे.

गिरीश कर्नाडांनी हीच गोष्ट 1992 साली 'चेलुवी' या हिंदी चित्रपटात केली. आपली सोनाली कुलकर्णी पहिल्यांदा पडद्यावर आली ती त्यात. जरूर पाहा, पण तिथली युक्ती उचलू नका. कॅमेरा एका क्षणी मुलगी दाखवतो, दुसऱ्या क्षणी झाड. आपल्याकडे कट नाही.

आपल्याकडे जे आहे ते सांगतो. संगीतातली खरी अडचण अशी, की तुमची मुख्य गायिका ज्या क्षणाला सर्वांत जास्त गायला हवी, नेमकी तेव्हाच ती गप्प असते. झाडाला गळा नाही. नाट्यसंगीताची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. हात शिवशिवतात, तिथे एक पद घालू, दोन ताना होऊन जाऊ देत. घालू नका. तिचा स्वर दुसऱ्यांना द्या.

म्हणजे असं. तुमच्या बायकांची पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) धरू, पुरुषांची काळी एक. बायकांचा षड्ज तोच पुरुषांचा पंचम. एकच स्वर, दोघांच्याही गळ्यात आरामात बसणारा. मुलगी तिची शेवटची ओळ गाऊन षड्जावर थांबते. तो स्वर कोरसमधली एक बाई उचलते, मग दुसरी, मग पुरुष, अगदी हलका, नुसता 'आ' म्हणत. मुलगी कधी थांबली ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. गळा बंद झाला, स्वर चालू आहे. हेच झाड. मग त्या षड्जाभोवती एकेक स्वर उमलू द्या, गांधार, पंचम, वरचा सा, आणि फुलं तोडून होत आली की तेच स्वर एकेक करून मिटवा. दुसरी घागर ओतली की कोरस एकेक करून थांबतो आणि खाली तिचा आवाज शिल्लक राहतो, जणू तो कधी थांबलाच नव्हता. तालमीला हे सोपं नाही. श्वास एकत्र घेतला तर खड्डा पडतो, म्हणून शेजारच्या दोघांनी कधीच एका वेळी श्वास घ्यायचा नाही, एवढा एक नियम लावा. माझ्याकडच्या मुलांना हे जमायला चार तालमी लागल्या.

स्वर कुठल्या अक्षरावर थांबतो तेही महत्त्वाचं. 'फूल' हा शब्द कितीही गोड असला तरी लांब स्वराला नाठाळ आहे. ऊवर तोंड मिटतं आणि पुढे ल येऊन स्वर गिळतो. आ हवा. म्हणून मी तिच्या तोंडी एवढंच देईन: "अक्का, आता घाल ना." तुमच्या भागात थोरलीला अक्काच म्हणतात आणि पलीकडच्या कानडी गल्लीतही अक्काच. शेवटचा 'ना' लांबवा. पुढच्या वेळी घागर नवऱ्याच्या हातात, म्हणून "अहो, आता घाला ना." चाल तीच ठेवा, फक्त थोडी लाजरी, थोडी थांबून. आणि तिसऱ्यांदा, बागेत: "वन्सं, नको ना." अक्षर तेच, स्वर तोच, विनवणी उलटी. प्रेक्षकांपैकी ज्याने आधीच्या दोन ओळी कानात ठेवल्या असतील त्याच्या पोटात खड्डा पडेल.

यासाठीच पहिल्या दोन वेळा विधी पूर्ण करा. घाई करू नका, 'एकदा दाखवलंय, आता कापू' असं तर मुळीच नको. हौशी गट नेमका हाच घोटाळा करतात, आवृत्ती म्हटली की वेळेची बचत सुचते. पण दुसरी घागर नीट ओतली की काय ऐकू येतं हे प्रेक्षकाच्या कानात बसलं नाही, तर बागेत ती नीट ओतली गेली नाही हे त्याला कळणार कसं? तिथे दुसऱ्या घागरीचा आवाज अर्धाच येऊ दे, पाणी परातीबाहेर सांडू दे, आणि कोरसने तिला तिचा स्वर परत देताना अर्धा स्वर उतरून द्यावा, मंद्र निषादावर. ती तिथून पुढे सगळं त्या उतरलेल्या स्वरात गाईल. पेटीवाल्याला सांगा, तू तुझ्या साला धरून राहा, तिच्यामागे जाऊ नकोस. तो जाईल, पेटीवाले गायिकेला सांभाळून घेतातच. इथे सांभाळायचं नाही. शेवटी नवरा फांद्या बसवतो तेव्हा तो निषाद षड्जाला येऊन मिळतो. यापेक्षा जास्त सुखान्त मला तरी नको.

आतापर्यंतचं एका दमात: झाड दाखवू नका, पाणी खरं ओता, तिचा स्वर कोरसला द्या, आणि नियम आधी दोनदा पाळून मगच मोडा.

पुढचा प्रश्न निवेदकाचा, आणि इथे तुम्ही अ‍ॅडम्सपेक्षा सुखात आहात. ऑपेरात निवेदक ठेवणं ही नेहमीची रीत नाही; त्यांना ती मुद्दाम आणावी लागली. आपल्याकडे नाटकाची सुरुवातच तिथून झाली. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. त्यात पदं सगळी सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्याला धरून आपलं गद्य बोलायची. म्हणजे गळा एकाचा, शरीर दुसऱ्याचं, हा व्हिएन्नातला प्रकार सांगलीला नवा नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल'मध्ये गाणं पात्रांच्या तोंडी दिलं आणि आपण सूत्रधाराला नांदीपुरता ठेवला. तुम्ही त्याला परत बोलवा. कीर्तनात आख्यान लावणारा कुणी गटात असेल तर त्यालाच घ्या. तो गद्यातून गाण्यात आणि गाण्यातून गद्यात असा जातो की सांधा दिसत नाही. नसेल, तर दोन बायकांना आळीपाळीने ओवीच्या चालीत सांगू द्या. ही बायकांनी बायकांना सांगितलेली गोष्ट आहे, मला तर तेच जास्त आवडेल.

सगळं गायलंच पाहिजे का? ऑपेरात बहुधा हो, बोलणंही गाण्यात. तुमच्याकडे ते गाणाऱ्यांवर अवलंबून आहे. गद्य लयीत बोलणारी माणसं असतील तर बोलू द्या. अर्धवट गाण्यापेक्षा चांगलं बोलणं केव्हाही बरं. मात्र बागेचा प्रसंग पूर्ण गाण्यात हवा, नाहीतर तो मालिकेतल्या भांडणासारखा होतो. नणंदेचं काम कोरसनेच करावं, सात-आठ बायका मिळून, हसत, हादग्याच्याच चालीत. खलनायिका एक असली की प्रेक्षक तिच्यावर राग काढून मोकळा होतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. हा ऑपेरा भारतीय का? मला विचाराल तर गोष्ट कानडी आहे, संहितेत रामानुजन यांनी भाषांतरित केलेल्या जुन्या दक्षिणी कविताही आहेत, आणि संगीत अमेरिकन आहे. अ‍ॅडम्सने सतार, तानपुरा असलं काही आणलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. सेलेस्टा (घंट्यांसारखा वाजणारा छोटा पियानो), हार्प, रेकॉर्डर (एक उभी बासरी) यांच्यातून त्यांनी आपल्या भाषेत झाड उगवलं. उसन्या रागापेक्षा ते प्रामाणिक. स्पॅनिशचं कारणही साधं: पहिल्या प्रयोगाचा कोरस आणि तरुण वाद्यवृंद व्हेनेझुएलाचा होता, तेव्हा कोरसने त्यांच्या भाषेत गावं असं ठरलं. लोकगीत ज्याच्या तोंडी येतं त्याच्या भाषेत जातं, त्यात मला वावगं दिसत नाही. जावाच्या नृत्याबद्दल मात्र कुणाला शंका आली तर ती रास्त आहे. ते नर्तक उत्तम, पण कानडी गोष्टीला जावाच का, याचं संगीतातून किंवा गोष्टीतून उत्तर मिळत नाही. युरोपातून पाहताना पूर्व सगळी एकच दिसते, असा वास येतो. 2014 साली पॅरिसच्या शात्ले नाट्यगृहात हाच ऑपेरा विशाल भारद्वाज यांनी बसवला, तेव्हा निदान हा एक प्रश्न तरी उरला नसावा.

माझी खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. लोककथेत राजा आपल्या धाकट्या मुलीला, म्हणजे त्या नणंदेला, जळत्या चुन्यात टाकतो. ऑपेरा मुलगी पूर्ण होते तिथे थांबतो. ऐकायला ते सुंदर, पण सांगणाऱ्या बायांनी तो चुना उगाच ठेवला नसेल. तुमच्या प्रेक्षकांत लहान मुलं किती, यावर तुम्ही ठरवा. मी असतो तर सूत्रधाराला ते एका वाक्यात, बिनसुराचं, सांगायला लावलं असतं आणि पुढे एकही स्वर वाजवला नसता.

हक्कांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. लोककथा कुणाच्याही मालकीची नाही. रामानुजन यांचे शब्द आणि अ‍ॅडम्सचे स्वर मात्र आहेत. त्यांच्या वाक्यांचं भाषांतर करून वापरू नका, ऑपेराची एखादी धून आवडली म्हणून पेटीवर उचलू नका. गावात विचारा. कानडी घरांतल्या आजीबाईंपैकी कुणीतरी ही गोष्ट आपल्या पद्धतीने सांगेल, आणि त्यात तुम्हाला असा एखादा तपशील मिळेल जो कुठल्याच पुस्तकात नाही. मुलीला नावसुद्धा देऊ नका. कुमुदा हे नाव ऑपेरातलं. गोष्टीत ती नुसती धाकटी आहे.

राहता राहिला पाण्याचा माइक. परातीच्या अगदी तोंडाशी लावलात तर विंगेतून कुणीतरी 'नळ बंद करा' म्हणून ओरडेल, आमच्याकडे ओरडलं होतं. चार फूट मागे आणि थोडा वर धरा. परातीत आधी दोन बोटं पाणी असू दे, कोरड्या पितळेवर पहिली धार पत्र्यासारखी वाजते. परातीखाली जुनी घोंगडी घाला. आणि तबला रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला बसवा. बागेच्या प्रसंगात पाणी बाहेर सांडणार आहे, आणि शाईला थेंब लागला तर तबलजी तुमचं पुढचं काही ऐकून घेणार नाही.